साहेबांना सांगणार कोण?

२२ मे २०१०च्या सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरजवळच्या बाजपे विमानतळावर उतरत होतं. तिथली धावपट्टी टेकडीचा माथा सपाट करून बांधलेली, टोकाला दरी. विमान हवं त्यापेक्षा उंच होतं आणि वेगातही होतं. सहवैमानिकाच्या ते लक्षात आलं. उतरणं सोडून विमान पुन्हा वर घ्यावं, असं त्यानं तीनदा म्हटलं. धोक्याची सूचना देणारं यंत्रही ओरडत होतं. कॅप्टन उतरतच राहिला. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीपैकी सुमारे ५,२०० फूट मागे पडले, तेव्हा कुठे चाकं जमिनीला लागली. विमानातल्या १६६ जणांपैकी १५८ जण मृत्युमुखी पडले.

हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेला होता, मंगळूरचं रडार बंद होतं, अशा बऱ्याच गोष्टी अहवालात आल्या. पण कामाच्या ठिकाणी माणसं एकमेकांशी कशी वागतात याचं ज्यांना कुतूहल आहे, त्यांनी लक्षात ठेवावी अशी नोंद वेगळीच आहे. सहवैमानिकानं वारंवार सांगितलं, पण स्वतः ताबा घेऊन विमान वर नेलं नाही. तसं करण्याचा अधिकार त्याला नेमका केव्हा आहे, याबद्दलच्या सूचनाच संदिग्ध होत्या आणि बहुधा त्यामुळेच तो थांबला, असं चौकशीत म्हटलं गेलं.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, त्याच कंपनीचं विमान, पुन्हा दुबईहून, पुन्हा टेकडीवरच्या धावपट्टीकडे आलं. या खेपेस गाव कोळिकोड, आणि पाऊस. सहवैमानिकानं ‘गो अराउंड’, म्हणजे विमान पुन्हा वर घ्या, असं म्हटलं. विमान जवळपास अर्धी धावपट्टी ओलांडून टेकलं आणि खाली कोसळलं. २१ जण गेले. अहवालात पुन्हा तेच: नियमाप्रमाणे विमान वर न्यायला हवं होतं, कॅप्टननं नेलं नाही आणि सहवैमानिकानं ताबा घेतला नाही. दोघांच्या अनुभवात आणि अधिकारात मोठी दरी होती, हेही अहवालानं नोंदवलं.

दोन्ही वेळा आवश्यक ती माहिती कॉकपिटमध्ये हजर होती. ती धाकट्याकडे होती आणि निर्णय थोरल्याकडे. मध्ये हातभर अंतर.

कामाच्या ठिकाणी माणसांशी वागण्याचं कौशल्य, या विषयाची सुरुवात विमान अपघातांनी करणं काहींना भडक वाटेल. आपल्याकडे हा विषय बहुतेकदा ‘व्यक्तिमत्त्व विकासा’च्या पाटीखाली येतो. ही पाटी आता पुण्या-मुंबईतच नाही, तालुक्याच्या गावीही एसटी स्टँडसमोरच्या दुसऱ्या मजल्यावर दिसते. आत शिकवलं जातं ते मुलाखतीपुरतं: हात कसा मिळवावा, टाय कसा बांधावा, ‘तुमच्यातली उणीव कोणती’ असं विचारलं तर ‘मी कामात फार चोखंदळ आहे’ असं उणिवेतून गुण काढून कसं दाखवावं. त्यात वाईट काही नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला चारचौघांत उभं राहण्याचा धीर त्यातून मिळत असेल तर फी वसूलच म्हणायची. पण नोकरी लागल्यावर खरा प्रश्न वेगळाच येतो. साइटवर सिमेंट कमी पडतंय हे दिसतं, हिशेबातला आकडा जुळत नाही हे कळतं, प्रोजेक्ट दिलेल्या तारखेला होणार नाही हे टीममधल्या सगळ्यांना महिनाभर आधी माहीत असतं. मग कुजबुज सुरू होते: ‘आज नको, साहेब गरम आहेत.’ ‘मागच्या वेळी बोललो तर अप्रेझलला भोगलं.’ ‘तू सांग, तुझं ऐकतात.’ आणि तारीख येते तेव्हा मीटिंगमध्ये एकच व्यक्ती आश्चर्यचकित झालेली असते, ती म्हणजे साहेब.

या पुस्तकाचा विषय हाच आहे. नकोशी बातमी वेळेत, योग्य माणसाकडे, त्याला समजेल अशा शब्दांत पोचवणं, आणि ती पोचवणाऱ्याला पुढे जपणं, ही दोन कामं ज्या कचेरीत नीट होतात तिथं माणसांना माणसांशी वागता येतं असं समजावं. बाकी वाढदिवसाचे केक आणि वर्षातून एकदा लोणावळ्याची सहल हा हौसेचा भाग.

हे कौशल्य शिकवता येतं, हे सगळ्यात आधी मान्य केलं ते विमान उद्योगानं, आणि त्यासाठी त्यानं मोजलेली किंमत भयंकर होती. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर, दाट धुक्यात, केएलएम कंपनीच्या जंबो जेटनं परवानगी मिळाली नसताना उड्डाणासाठी धाव घेतली. त्याच धावपट्टीवर पॅन अ‍ॅमचं दुसरं जंबो होतं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते विमान अजून बाजूला झालेलं नाही का, असं त्यानं विचारलंही. कॅप्टननं ठासून उत्तर दिलं की झालंय. इंजिनिअर गप्प बसला. ५८३ माणसं मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला सर्वात मोठा अपघात आजही तोच आहे. तो कॅप्टन कोणी नवशिका नव्हता. कंपनीच्या बोइंग ७४७ जंबो विमानांवरचा तो मुख्य प्रशिक्षक होता, जाहिरातीत त्याचा फोटो असे. अशा माणसाला दुसऱ्यांदा विचारायचं कोणी?

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान चाकांच्या बिघाडाचा उलगडा करत तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. इंधन कमी होतंय हे कॉकपिटमधले इतर दोघे सुचवत होते, पण सुचवतच होते. १८९ पैकी १० जण दगावले. चौकशी करणाऱ्यांनी जे म्हटलं ते तोवर कोणी म्हटलं नव्हतं: कॅप्टनना इतरांना सामावून घ्यायला शिकवा आणि इतरांना ठामपणे बोलायला. १९७९ मध्ये नासानं या प्रश्नावर परिषद घेतली, १९८१ मध्ये युनायटेडनं प्रशिक्षण सुरू केलं आणि आज जगभर ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ नावानं ते विमान कंपन्यांच्या वैमानिकांना घ्यावं लागतं.

ठामपणे म्हणजे काय, हे २५ जानेवारी १९९०च्या न्यूयॉर्कच्या घटनेतून जितकं कळतं तितकं कुठल्याही व्याख्येतून कळणार नाही. कोलंबियाच्या आविआंका कंपनीचं विमान गर्दीमुळे आकाशात ताटकळत होतं. इंधन संपत आलंय हे सहवैमानिकानं नियंत्रण कक्षाला सांगितलं, पण इतर निरोपांच्या शेवटी, जाता जाता. ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्यानं उच्चारला नाही. तो शब्द ऐकला असता तर नियंत्रकांनी बाकीची विमानं बाजूला काढून वाट दिली असती. इंजिनं बंद पडली, ७३ जण गेले. आपल्याकडच्या कचेऱ्यांतही हे रोज चालतं, फक्त तिथं कोणी मरत नाही म्हणून ते दिसत नाही. ‘सर, ते जरा एकदा बघून घेतलं असतं तर बरं झालं असतं बहुतेक’ या वाक्यात पाच उशा आहेत आणि आत दगड आहे. सरांना उशाच लागतात.

त्याआधी वर्षभर, ८ जानेवारी १९८९ला इंग्लंडमधल्या केगवर्थजवळ आणखी एक गोष्ट उघड झाली. बोइंग ७३७चं डावं इंजिन बिघडलं होतं; वैमानिकांनी चुकून उजवं बंद केलं आणि तसं प्रवाशांना जाहीरही केलं. मागे बसलेल्या अनेक प्रवाशांनी आणि केबिनमधल्या काही कर्मचाऱ्यांनी आगीच्या खुणा डावीकडे पाहिल्या होत्या. घोषणा ऐकून काही जण बुचकळ्यात पडले. पुढे जाऊन सांगितलं मात्र कोणीच नाही. कॅप्टनला काय ते कळत असेलच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. ४७ जणांचा जीव गेला. तेव्हापासून हवाई सुंदरी आणि पर्सर यांनाही वैमानिकांबरोबर या प्रशिक्षणात बसवण्याचं महत्त्व पटू लागलं.

आणि त्याच वर्षी जुलैत या शिकवणुकीचं फळही दिसलं. अमेरिकेत सू सिटीला उतरलेल्या डीसी-१० विमानाचं शेपटाचं इंजिन फुटून तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या होत्या. म्हणजे सुकाणूच उरलं नव्हतं. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये बोलावलं, इंजिनांची सूत्रं त्याच्या हाती दिली आणि चौघांनी बोलत बोलत विमान धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. पुढे आयुष्यभर हेन्स सांगत राहिले की ते यश त्या प्रशिक्षणाचं होतं. हात सर्वात कुशल कोणाचे होते, यापेक्षा ‘मला हे येत नाही, तुम्ही या’ असं कॅप्टन म्हणू शकला हे त्या दिवशी जास्त कामी आलं.

विमानातून हा विचार ऑपरेशन थिएटरमध्ये गेला. तो नेणाऱ्यांत अग्रणी होते बोस्टनचे शल्यविशारद अतुल गावंडे. त्यांचं घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचं. उमरखेडला त्यांच्या आजीच्या, गोपिकाबाईंच्या नावानं महाविद्यालय आहे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी गावंडे आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची तपासणी यादी केली आणि दिल्लीपासून सिअॅटलपर्यंत आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. यादीत प्रतिजैविक दिलं का, रक्ताची सोय आहे का, असे अपेक्षित प्रश्न आहेतच. पण चाकू लावण्याआधीचा एक मुद्दा आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे: खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. ज्या परिचारिकेला एकदा सर्वांसमोर स्वतःचं नाव उच्चारायला मिळालं, ती तासाभरानं ‘डॉक्टर, थांबा’ म्हणण्याची शक्यता वाढते, असा त्यामागचा विचार.

कथा इथं संपवली असती तर ती फारच गोड झाली असती. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ही यादी १०१ रुग्णालयांत सक्तीची झाली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. का, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. ज्यांनी सरकारी परिपत्रकं येताना आणि फायलीत जाताना पाहिली आहेत त्यांना मात्र एक अंदाज सहज करता येईल. रकान्यात खूण करणं हे बोलण्यापेक्षा सोपं असतं.

मंडळी उच्चशिक्षित असली की हा प्रश्न सुटतो, असाही एक समज आहे. १६ जानेवारी २००३ रोजी नासाचं कोलंबिया हे अवकाशयान झेपावताना फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. नुकसान किती हे पाहायला यानाचे फोटो घ्यावेत, अशा तीन वेगवेगळ्या विनंत्या अभियंत्यांकडून झाल्या. फोटो घेतले गेले नाहीत. १ फेब्रुवारीला कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी परतीच्या वाटेवर गेले. चौकशी मंडळानं अपघाताचा दोष जितका त्या फोमला दिला, तितकाच नासाच्या अंतर्गत संस्कृतीला दिला. जगातल्या सर्वांत हुशार माणसांपैकी काही जण त्या बैठकांत बसत होते.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना आधी कोडंच पडलं होतं. जिथं वातावरण चांगलं, प्रमुख परिचारिका सांभाळून घेणारी, तिथं औषधांच्या चुकांची नोंद जास्त! उलगडा झाला तो असा की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत त्या पदराआड जात होत्या. १९९९ मध्ये एडमंडसन यांनी मांडलेली मानसिक सुरक्षिततेची कल्पना पुढे गूगलनं आपल्या सुमारे १८० गटांच्या पाहणीत तपासली, आणि गटात कोण आहे यापेक्षा तो गट एकमेकांशी कसा वागतो हे महत्त्वाचं, असा निष्कर्ष काढला. ज्या विभागप्रमुखाकडे वर्षभरात एकही तक्रार आलेली नाही, त्याचं कौतुक करण्याआधी ही नोंद वाचावी.

आता प्रश्न येतो उपायांचा. मराठी वाचकाला त्यासाठी फार लांब जायला नको. एसटीत कंडक्टरनं एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते. ड्रायव्हर वयानं आणि नोकरीनं कितीही थोर असला तरी ‘आधी कारण सांग’ म्हणत नाही. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरचा साधा कामगारही दोरी ओढून काम थांबवण्याचा इशारा देऊ शकतो, आणि त्याबद्दल जग कौतुक करतं. घंटीचं कौतुक कोणी केलं नाही. रेल्वेत स्टेशन मास्तर आणि फाटकावरचा गेटमन एकमेकांना ‘प्रायव्हेट नंबर’ देतात, म्हणजे निरोप नुसता दिला गेला नाही, तो समजून घेतला गेला याची खूण राहते. या तिन्ही ठिकाणी कनिष्ठाच्या धाडसावर काही सोडलेलं नाही. बोलण्याची सोय कामाच्या रीतीतच बांधून टाकली आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण या संदर्भात हमखास दिलं जातं. हार्वर्ड बिझनेस स्कूलनंही त्यांच्यावर केस स्टडी केली. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात छोटे छोटे गट असतात, प्रत्येकाला मुकादम असतो आणि कमाई गटात सारखी वाटली जाते. तंटा झाला तर गटातच मिटतो. हे सगळं खरं. पण मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली ही माणसं. नाती-गोती एक, बोली एक, अनेकांची वारीही एक. हिंजवडीच्या एखाद्या टीममध्ये कोल्हापूरचा टेस्टर, चेन्नईची डिझायनर, लखनौचा मॅनेजर आणि फोनवर न्यू जर्सीचा क्लायंट असतो. तिथं न सांगता समजण्यासारखं काहीच नसतं, सगळं सांगावंच लागतं. म्हणून डबेवाल्यांचं कौतुक करावं, त्यांची नक्कल करता येईल अशी आशा मात्र धरू नये.

एक इशारा याच ओघात द्यायला हवा. संवादकौशल्याचं नाव पुढे करून न्यायाचा प्रश्न बाजूला सारण्याची युक्ती काही व्यवस्थापनांना चांगली साधली आहे. ओव्हरटाइमचे पैसे थकले, की तणावमुक्तीचं शिबिर. एखाद्या बाईनं वरिष्ठाच्या वागण्याबद्दल तोंड उघडलं, की ‘दोघं बसून बोलून घ्या’. दहा किंवा त्याहून अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी २०१३च्या कायद्यानं अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. तिथं समितीच बसली पाहिजे. चहा पाजून मिटवण्याचं ते प्रकरण नव्हे.

राहिला पैशाचा हिशेब. अर्थतज्ज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी दाखवलं आहे की १९८० ते २०१२ या काळात अमेरिकेत माणसांशी सतत संबंध येणाऱ्या नोकऱ्यांचा एकूण नोकऱ्यांतला वाटा जवळपास १२ टक्केबिंदूंनी वाढला, तर गणित भरपूर पण माणसांशी संबंध कमी अशा नोकऱ्यांचा वाटा ३.३ टक्केबिंदूंनी घटला. त्याहून आपल्या जवळचा पुरावा बेंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतला. अच्युत अध्वर्यू आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी तिथल्या महिला कामगारांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास केला. शिलाई मशिनवर बसणाऱ्या, इच्छुक बायकांमधून चिठ्ठ्या टाकून काही जणी निवडल्या गेल्या. त्यांना बोलणं, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं, सुपरवायझरकडे मदत मागणं असं सुमारे ८० तास शिकवलं. शिवणकामाचा एक टाकाही शिकवला नाही. प्रशिक्षण संपल्यावर त्यांची उत्पादकता इतरांपेक्षा १३.५ टक्क्यांनी जास्त भरली. त्यांच्या लाइनवरच्या, प्रशिक्षण न मिळालेल्या बायकांचंही काम सुधारलं. कंपनीला खर्च वजा जाता अडीचपट परतावा मिळाला.

त्या बायकांचा पगार वाढला सुमारे अर्धा टक्का.

या पुस्तकाचे वाचक दोन प्रकारचे असतील. ज्यांना साहेबांना सांगायचं आहे, त्यांना पुढल्या पानांत सांगण्याच्या बऱ्याच रीती सापडतील. जे स्वतः साहेब आहेत त्यांच्यावर मात्र जास्त भार आहे, म्हणून त्यांना दोन विनंत्या. पुढच्या बैठकीत आपलं मत सगळ्यांत शेवटी सांगा. आणि वार्षिक वेतनवाढीच्या तक्त्यात लेथ, वेल्डिंग किंवा कोडिंगला जसा रकाना असतो तसा, नकोशी गोष्ट वेळेवर सांगणाऱ्या माणसासाठीही एक ठेवा, आणि त्यापुढे खरी रक्कम लिहा.